पाइपचा गॅस वर चढतो

बाळा, वास्तुशांतीला दूध उतू घातलंस, छान झालं. तो मान त्या एका दिवसाचा. यापुढे या ओट्यावर दूध उतू गेलं तर आधी बर्नरकडे बघायचं, मग ओट्याकडे. दुधानं जाळ विझतो, बटण मात्र उघडंच राहतं. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांना जाळ विझल्यावर गॅस आपोआप बंद होण्याची सोय नसते. आपण फडकं घेऊन ओटा पुसत बसतो आणि गॅस निवांत येत राहतो.

तू भोरला सिलिंडरवर वाढलीस. वहिनीनं तुला जे शिकवलं ते सगळं बरोबरच आहे. रात्री रेग्युलेटर बंद करायचा, सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा कधी नाही, नवा सिलिंडर आला की तोंडातला रबरी वायसर बघायचा. पण इथे धायरीत तुझ्या घरी पाइपचा गॅस आहे. तो वेगळा. त्याची खोड वेगळी, म्हणून त्याच्याशी वागायची रीतही थोडी वेगळी.

सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन, हवेपेक्षा जवळजवळ दीड ते दोनपट जड. गळाले की जमिनीवर पसरतात, मोरीत उतरतात, जिन्यावरून खाली जातात. म्हणून वहिनी वाकून, गुडघ्यापाशी वास घ्यायची. पाइपमधून येतो तो नैसर्गिक गॅस, त्यात मुख्यतः मिथेन. तो हवेच्या निम्म्याहून थोडाच जड, म्हणजे हलका. गळाला की वर चढतो. छताला जाऊन बसतो, लॉफ्टमध्ये शिरतो आणि तुम्ही हौसेनं केलेल्या त्या पीओपीच्या छतामागच्या पोकळीत साठतो. तिथे ना खिडकी, ना वारा. दिव्यांच्या वायरी मात्र तिथूनच गेलेल्या. तेव्हा संशय आला तर नाक वर न्यायचं, आणि खिडकी उघडायची, वरची झडप असेल तर तीही.

दुसरा फरक माझ्या मते याहून मोठा. सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, संपला की संपला. पाइप संपत नाही. कोणीतरी कॉक बंद करेपर्यंत तो येतच राहणार. म्हणून या घरात भांडी लावायच्या आधी कॉक ओळखायचे होते. तुम्ही आधी पडदे लावलेत, असो.

आता उठ आणि बघ. ड्राय बाल्कनीत मीटर आहे ना, त्याच्या आधी पाइपवर एक कॉक आहे. तो तुझ्या अख्ख्या घराचा. दुसरा शेगडीजवळ, रबरी नळी सुरू होते तिथे. कॉकची दांडी पाइपच्या रेषेत असेल तर गॅस चालू, पाइपला आडवी असेल तर बंद. पाव फेरा, बस्स. डोळे मिटून दोन्ही कॉक सापडले पाहिजेत, कारण वेळ येईल तेव्हा दिवा लावायचा नसतो. जावईबापूंनाही करून बघायला लाव. कामवाल्या ताई रोज सकाळी तुझ्या आधी ओट्यापाशी असतात, त्यांना आधी दाखव. अशा गोष्टी घरमालकिणीलाच ठाऊक आणि घरात राबणाऱ्या बाईला नाही, असं आपल्याकडे फार चालतं.

तो मीटरजवळचा कॉक वॉशिंग मशीनच्या मागे गेलाय, हे मी परवा आले तेव्हाच पाहिलं. मशीन सरकव. आणि तो मॉड्युलर किचनवाला म्हणाला होता ना, "काकू, हा पिवळा पाइप वाईट दिसतो, बॉक्स करून झाकून टाकू," त्याला माझं नाव सांग आणि नाही म्हण. गॅसचा पाइप उघडा हवा, दिसता हवा, हाताला लागता हवा. प्लायवूडच्या बंद खोक्यात बारीक गळती झाली तर वास बाहेर यायला वेळ लागतो, आणि आत गॅस साठत जातो. ड्राय बाल्कनीला काचा लावून ती गच्च बंद करणं हाही तसलाच उद्योग. कबुतरं येतात हे मान्य, जाळी लाव.

वासाबद्दल. या गॅसला स्वतःचा वास नाही. जो सडक्या अंड्यासारखा, कुजक्या कोबीसारखा वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, मर्कॅप्टनचा. ही रीत सरसकट लागू झाली ती एका भयंकर प्रसंगानंतर. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावातल्या शाळेखाली बिनवासाचा नैसर्गिक गॅस साठत गेला. कोणाला पत्ताच लागला नाही. 18 मार्च 1937 ला स्फोट झाला आणि जवळजवळ 300 जीव गेले, बहुतेक शाळेतली पोरं. गॅसला वास घातलाच पाहिजे असे कायदे त्यानंतर आले.

हिशेब असा असतो. हवेत मिथेन साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच ते पेट घेतं. वास मात्र त्यातल्या खालच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाला, म्हणजे 1 टक्क्याच्या आसपासच, नाकाला कळेल इतका घातलेला असतो. म्हणजे वास आला की पाचावर धारण बसवून घ्यायची नाही. कॉक फिरवायला, खिडक्या उघडायला आणि बाहेर पडायला वेळ असतो. पण तो वेळ, "ड्रेनेजचा असेल गं," म्हणत घालवायचा नसतो. धायरीत ड्रेनेजचा वास येतो, नाही कशाला म्हणू? पावसाळ्यात उंदीर मेल्याचाही येतो. पण आधी गॅस समजायचं, मग ड्रेनेज. उलट क्रम लावायचा नाही.

आणि नाकावर फार विसंबूही नकोस. नाक सरावतं. स्वयंपाकघरात अर्धा तास उभं राहिलेल्या माणसाला जो वास येत नाही, तो दारातून आत आलेल्याला पहिल्याच श्वासाला येतो. शंका असेल तर बाहेर जा, गॅलरीत दोन मिनिटं उभी राहा आणि पुन्हा आत ये. माझ्या वयाच्या माणसांची नाकं तर मंदावलेलीच असतात. कोविडनंतर तरुणांपैकीही कितीतरी जणांचं वासाचं ज्ञान पूर्वीसारखं राहिलं नाही. सर्दी झालेली असेल तर शेजारणीला बोलव, त्यात लाजायचं काय?

वास दूरवर पसरतो तेव्हा काय होतं ते मुंबईकरांनी पाहिलंय. 19 सप्टेंबर 2019 च्या रात्री मुंबईच्या उपनगरांत ठिकठिकाणी गॅसचा वास आला. अग्निशामक दलाच्या गाड्या निघाल्या, फोन खणखणले, आणि महानगर गॅसनं आपल्या वाहिनीत गळती सापडली नाही म्हणून सांगितलं. कोणी म्हणेल, उगाच धावपळ झाली. मी म्हणते, ज्यांनी फोन केले त्यांनी शहाणपणा केला. गॅसच्या बाबतीत खोटी हाक चालते.

आता वेळ आली तर काय करायचं ते ऐक. मी क्रमानं सांगते, कारण हातपाय गळतात तेव्हा क्रमच आठवतो. जाळ चालू असेल तर बंद. देवघर तुझं स्वयंपाकघरातच आहे, समई किंवा उदबत्ती लागलेली असेल तर शांतपणे विझव. मग कॉक आडवा कर, हाताला लागेल तो, शक्यतो मीटरजवळचा. खिडक्या, दारं उघड. घरातली माणसं बाहेर काढ. एवढंच. विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, हे लोक विसरतात. चालू दिवा चालूच राहू दे, बंद पंखा बंदच. बटण कुठल्याही बाजूला दाबलं तरी आत ठिणगी पडतेच. एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नाही. वास आला की हात आधी त्याच्याकडेच जातो, आणि तो बसवलेला असतो वर, गॅस असतो तिथेच.

शेजाऱ्यांना उठवायचं तर बेल वाजवायची नाही, दार बडवायचं. लिफ्ट घ्यायची नाही, जिन्यानं उतरायचं. फोन खाली मोकळ्यावर जाऊन करायचा, स्वयंपाकघरात उभं राहून नाही. पाइपच्या गॅसचा आपत्कालीन नंबर बिलावर छापलेला असतो. आपल्याकडे एमएनजीएल, म्हणजे महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड, गेल आणि भारत पेट्रोलियमनी मिळून 2006 साली उभी केलेली कंपनी. तो नंबर तुमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये "गॅस" एवढ्याच नावानं ठेव आणि दाराच्या आतल्या बाजूला कागदावर ग्राहक क्रमांकासह चिकटव. अग्निशामक दल 101. सिलिंडरची गळती असेल तर 1906, तो देशभर चालतो. 2017 साली पुणे महापालिकेत अकरा गावं घेतली त्यांत धायरी होती, तेव्हा बंब आपल्या हक्काचा आहे, बोलवायला संकोच नको. पत्ता सांगताना "धायरीत" एवढंच सांगू नकोस. बेनकर वस्ती, रायकर मळा, धारेश्वर मंदिराजवळ, जे काय असेल ते सांग आणि कोणाला तरी गेटवर उभं कर. आपल्या गल्ल्या परक्या माणसाला एका फेरीत सापडत नाहीत.

एक शहाणपणाची चर्चा सोसायटीत नेहमी होते, ती मी आधीच मोडून ठेवते. "खाली जाऊन मेन स्विच पाडायचा का?" ज्याचा मेन स्विच खाली मीटर रूममध्ये, वासापासून लांब आहे, त्यानं पाडला तर चालतो. पण तुझ्या घरात इन्व्हर्टर आहे. खालून वीज तोडली की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो, आणि तो बसलाय घरातच. म्हणून तू नको. कॉक, खिडक्या, बाहेर. बाकीचं येणाऱ्या माणसावर सोड. फ्रिजही मधूनमधून आपला आपणच चालू-बंद होतो, त्याला काही तू थांबवू शकत नाहीस. म्हणूनच बाहेर पडण्यात वेळ घालवायचा नाही.

नळीच्या सांध्यावर जाळच लागलेला दिसला तर पाणी ओतायला धावू नकोस. आधी गॅस बंद, मग जाळ आपोआप जातो. जाळ विझवला आणि गॅस येतच राहिला, तर ते जाळापेक्षा वाईट. कॉकपर्यंत हात पोचत नसेल तर बाहेर पड आणि खाली बिल्डिंगच्या मुख्य पाइपवरचा कॉक कुठे आहे ते वॉचमनला विचार. खरं तर ते आजच विचारून ठेव. बहुतेक सोसायट्यांत ते चेअरमनला माहीत नसतं आणि वॉचमनला माहीत असतं.

हे झालं घाईचं. बारीक गळती मात्र वेगळ्या रीतीनं पकडायची असते. पाइपमधला घरातला दाब अगदी कमी, 21 मिलिबार. सिलिंडरचा रेग्युलेटर नीट बसला नाही की कसा फुसफुसतो, तसा हा आवाज करीलच असं नाही. म्हणून मीटर वाच. रात्री सगळं आवरल्यावर शेगडीची बटणं बंद कर, गॅस गीझर असेल तर तोही, पण मीटरजवळचा कॉक उघडा ठेव. मीटरवरचे आकडे लिहून ठेव, दशांश चिन्हाच्या पुढचे लाल आकडेसुद्धा. सकाळी चहा ठेवायच्या आधी पुन्हा बघ. लाल आकडा सरकला असेल तर कोणीही वापरला नसताना गॅस कुठेतरी गेलाय. मग कॉक बंद आणि फोन. हे दर महिन्याला एकदा कर, अमावास्येला कर म्हणजे लक्षात राहील. बाकी रात्री झोपताना शेगडीजवळचा कॉक आडवा करायचा, ही वहिनीची सवय इथेही तशीच चालू ठेव.

सांधे तपासायचे तर वाटीत भांड्यांचा साबण आणि थोडं पाणी, फेस येईल असं. दाढीच्या जुन्या ब्रशनं किंवा बोटानं ते सांध्यावर लाव, नळीच्या दोन्ही टोकांना, कॉकच्या मानेपाशी. आणि थांब. लोक लावतात आणि लगेच पुसतात. बारीक गळतीचा बुडबुडा हळू फुगतो, एक फुटतो, मग त्याच जागी दुसरा येतो. त्याच जागी पुन्हा आला की ती गळती. काडी पेटवून सांधा बघणारे महाभाग अजून आहेत. तसला मेकॅनिक घरात आला तर चहा न पाजता परत पाठव.

नळी साधी हिरवी रबरी नको. आतून तारेची जाळी असलेली, आयएसआयची नारिंगी सुरक्षा नळी हवी, तिच्यावर तारीख छापलेली असते. ती उलटायची वाट बघू नको, आणि चिरा, कडकपणा, उंदराचे दात दिसले तर तारखेचीही वाट बघू नको. नळी शेगडीच्या मागून तापत जाऊ देऊ नकोस आणि ट्रॉलीच्या कप्प्यातून ओढून नेऊ नकोस. कप्पा ओढताना ती रोज घासली जाते आणि कोणाला दिसत नाही.

भोरहून आणलेली शेगडी तशीच जोडू नको. सिलिंडरच्या शेगडीचं जेट बारीक असतं, पाइपच्या गॅसला मोठं लागतं. ते कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यायचं. कोपऱ्यावरचा मिस्त्री सुईनं भोक मोठं करून देतो, शंभर-दोनशे वाचतात आणि मग जाळ पिवळा, भांडी काळी. जाळ निळा आणि स्थिर हवा. पिवळा जाळ म्हणजे गॅस नीट जळत नाही, आणि नीट न जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला मर्कॅप्टनचा वास नाही, कुठलाच वास नाही. म्हणून गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावायचाच नाही. मूल आंघोळीला गेलंय, खिडकी लावलेली आणि गीझर आत, हे मला कोणाच्याही घरात दिसलं तरी मी बोलते, मग त्यांना राग येवो.

आता आपल्या धायरीपुरतं खास. इथे रस्ता कधीच स्वस्थ नसतो. आज पाण्याची लाइन, उद्या ड्रेनेज, परवा केबल. जेसीबीचा दात गॅसच्या पाइपला लागला की कंपनी मागून पुरवठा बंद करते आणि तुझ्या शेगडीवरचा जाळ हळूहळू लहान होऊन विझतो. तू डाळ शिजायला ठेवून आत कपडे घड्या करत असतेस. "गॅस गेला वाटतं," म्हणून इंडक्शनवर डाळ ठेवतेस, आणि शेगडीचं बटण तसंच उघडं. दोन तासांनी गॅस परत येतो, जाळ येत नाही. तू तोवर भाजी आणायला धायरी फाट्यावर. पाइपच्या गॅसमध्ये मला सगळ्यात भीती याची वाटते. म्हणून गॅस गेला की पहिलं काम सगळी बटणं बंद, दुसरं कॉक आडवा. सोसायटीच्या ग्रुपवर "गॅस आला का" विचारणारे शंभर असतात, "बटणं बंद करा" लिहिणारी तू हो. आणि आल्यावर पहिल्यांदा लावताना खिडकी उघडून लाव. पाइपात हवा असते, जाळ फडफडतो किंवा लागतच नाही. बटण उघडं ठेवून लायटर खटखट करत राहू नको. बंद कर, थोडं थांब, मग पुन्हा.

रस्त्यावर खणकामाजवळ वास आला, फुसफुस ऐकू आली, किंवा पावसाच्या डबक्यातून एकाच जागी बुडबुडे येताना दिसले, तर स्कूटर सुरू करू नकोस, ढकलत लांब ने. लोकांना लांब थांबव, सिगारेटवाल्यांना आधी. खड्ड्यात माती लोटून गळती बुजवायला जाणाऱ्या हौशी लोकांना आवर. बुजवलेला गॅस जमिनीखालून गटाराच्या वाटेनं दुसरीकडे निघतो, कधी तळमजल्यावरच्या घरातही.

गळतीची सूचना देणारं यंत्र घ्यायचं म्हणतेस, घे. पण दुकानात सांग की पाइपच्या गॅसचं, मिथेनचं हवं, आणि ते लावायचं छतापासून फूटभराच्या आत. सिलिंडरवाल्यांचं जमिनीजवळ लावतात. सोसायटीत एकानं सिलिंडरचं यंत्र पाहून खाली ओट्याच्या पायाशी लावलंय. तिथे ते मिथेनला कधी वाजणार?

बिल थकलंय, आज रात्री गॅस कापतो, ही लिंक दाबा, असा फोन आला तर तो गॅसवाल्यांचा नसतो. ठेव फोन. दारात कोणी आला तर ओळखपत्र बघ, आणि शंका असेल तर बिलावरच्या नंबरवर विचारल्याशिवाय आत घेऊ नको.

खरोखर गळती निघाली आणि कंपनीचा माणूस कॉक बंद करून गेला, तर तो म्हणेपर्यंत तूच "आता वास नाही" म्हणून उघडायचा नाही. दुरुस्तीनंतर त्याला तुझ्यासमोर साबणाचं पाणी लावायला सांग आणि त्याच्यासोबत तूही बघ. शेगडीच खराब निघाली तर दोन दिवस लागतील. तोवर इंडक्शनवर भागव, नाहीतर दोघंही संध्याकाळी इकडे या, पिठलं-भाकरी असतेच.